वॉपिंगच्या चिखलातला टाक

पिनर,
९ मार्च २०२४

मीनाक्षीवहिनी,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर मराठी टाइप करायला माझा अंगठा तयार होत नाही, तेव्हा आपल्या दोघांत अजून टपाल खात्याचंच राज्य. कार्डिफला थंडी कशी आहे, देविका बरी आहे ना, हे सगळं रीतसर विचारलं असं समजा, कारण मला मुद्द्यावर यायची घाई झाली आहे.

आमच्या इथल्या इतिहास मंडळात ब्रेंडा नावाची एक निवृत्त शिक्षिका आहे. तिच्याकडे टेम्सच्या काठावर शोधाशोध करायचा परवाना आहे. ओहोटीला नदी मागे सरकली की ही बाई गुडघे टेकून चिखल चाळत बसते. तुम्ही हसाल, पण वहिनी, लंडनचा खरा इतिहास राजवाड्यांत नाही, त्या चिखलात आहे. रोमन नाणी, पाचशे वर्षांपूर्वीचे जोडे, तंबाखूच्या मातीच्या चिलमी. दोन हजार वर्षं या शहराने नको ते नदीत टाकलं आणि नदीने ते जपून ठेवलं. परवान्यासाठी मीही नाव घातलं आहे. यादी इतकी लांब आहे की नंबर लागेपर्यंत मीच पुराणवस्तू झालेलो असेन.

तर मंगळवारी ब्रेंडाने डबीतून एक वस्तू काढली. तिच्या मते ते मध्ययुगातल्या यात्रेकरूचं पदक. त्या काळी इथले लोक तीर्थयात्रेहून येताना संताचा छाप असलेली पातळ पत्र्याची पदकं आणायचे, आणि तशी पुष्कळ पदकं टेम्समध्ये सापडतात. मी चष्मा लावून पाहिलं आणि चहा सांडला. वहिनी, तो टाक आहे! आपल्या देवघरात असतो तसा चांदीचा टाक! रुपयाएवढा, उठावाची बाई, नाकात नथ, कडेने ठिपके, वर अडकवायला कडी.

आणि सापडला कुठे? वॉपिंगच्या जुन्या पायऱ्यांखाली. दादाचं हॉस्पिटलचं क्वार्टर होतं तिथून पाच मिनिटांवर! दादा जाऊन आठ वर्षं झाली, नाहीतर हे पत्र आधी त्यालाच गेलं असतं.

आता माझं अनुमान ऐका. १७८१ साली राघोबादादांचा वकील हणमंतराव लंडनला आला होता. गलबतं तेव्हा त्याच बाजूला लागायची. परमुलखात निघालेला माणूस कुलस्वामिनी गळ्यात घालून निघाला नसेल कशावरून? फक्त एक घोळ आहे. लहानपणी मी चिंचेने घासलेले टाक म्हणजे खंडोबा आणि भवानी. हिच्या हातात ना शस्त्र, ना खाली वाहन. नुसती उभी आहे. ही कोण? आईने देवघरातलं सगळं तुम्हाला शिकवलं होतं, तुम्हीच सांगा. सोबत चित्र काढलं आहे. डॉक्टरने काढलंय, ओळखलंत तर नशीब.

श्रीकांत


कार्डिफ,
२१ मार्च २०२४

श्रीकांतभाऊजी,

तुमचं पत्र आणि चित्र मिळालं. लग्नाआधी मी शाळेत शिकवायची. या चित्राला शंभरपैकी आठ दिले असते, तेही कागद कोरा नाही म्हणून.

ओळखू आलं नाही. देवी असेल कुठलीतरी. टाक झिजला की माणसं तो नदीत सोडतात आणि नवा करतात. इथेही कुणी ना कुणी सोडत असेलच, त्यासाठी राघोबादादांपर्यंत कशाला जायला हवं? नदीला दिलेली वस्तू परत घरात आणू नये, असं सासूबाई म्हणायच्या. ब्रेंडाबाईंना सांगा, जिथून उचलला तिथे ठेवून या.

देविका मजेत आहे. तिच्या ऑफिसात सगळे घरूनच काम करतात, त्यामुळे दिवसभर मला पावलं न वाजवता चालावं लागतं. मला ऐकू येत नाही आणि आवाज मात्र मीच करायचा नाही!

त्या कडीला साखळी होती का? सहज विचारते.

मीनाक्षी


पिनर,
४ एप्रिल २०२४

वहिनी,

धन्य आहे तुमची! साखळीचं मी लिहिलंच नव्हतं, आणि तुम्ही तिकडे बसून बरोबर हात घातलात. साखळी आहे. बोटभर तुकडा, कडीला गुंतलेला. त्यात गंमत अशी, की फासा बंदच आहे आणि कड्या मधूनच तुटल्या आहेत. म्हणजे कुणीतरी ती गळ्यातून हिसकली. मी लगेच म्हटलं, चोर! वॉपिंगला तेव्हा खलाशांचे गुत्ते होते, भुरट्यांचा सुळसुळाट होता. बिचारा हणमंतराव.

पण इथे माझी गाडी चिखलात रुतली. ब्रेंडाने भिंग लावलं, तर फाशावर चांदीचा सरकारी शिक्का. वर्ष निघालं १९८५. आता बोला! १७८१चा टाक आणि १९८५ची साखळी. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी असं ठरवलं, की टाक जुनाच. कुणा गोऱ्या हौशी माणसाला तो जुन्या बाजारात मिळाला, त्याने साखळी घातली आणि मग तो हरवला. पटतं का? मला अर्धंच पटतं, पण अर्ध्यावर पुष्कळ इतिहास उभा आहे.

वरदा म्हणते, "श्रीकांत, तुला माहीत नाहीये असं सरळ सांग ना लोकांना! व्हॉट्स द बिग डील?" चाळीस वर्षं संसार केला, पण या बाईला इतिहास कळला नाही.

बिग डील असं आहे, की १८ मेला आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे, टेम्समध्ये सापडलेल्या वस्तूंचं. टाकाला वेगळी काचेची पेटी मिळणार आहे. लेबल मी लिहिलं: ‘कुलस्वामिनी. चांदी. बहुधा मराठा वकिलाची. अठरावे शतक.’ वहिनी, पंचेचाळीस वर्षं या देशात भुलीचं इंजेक्शन देत काढली. लोक माझ्याकडे बघत बघत झोपी गेले, जागे होऊन कुणी मला ओळखलं नाही. एकदा तरी या शहराच्या गोष्टीत आपल्या माणसाचं नाव असावं आणि ते मी लिहावं, एवढंच म्हणणं आहे.

श्रीकांत


कार्डिफ,
१३ एप्रिल २०२४

भाऊजी,

लेबल लावू नका. तो टाक पेटीत ठेवू नका. तुम्हाला माझ्याबद्दल काही वाटत असेल तर एवढं ऐका. कारण विचारू नका.

मीनाक्षी


पिनर,
२४ एप्रिल २०२४

वहिनी,

तुमचं तीन ओळींचं पत्र चार वेळा वाचलं. डोकं चक्रावून गेलं आहे. तुम्हाला नक्की कशाचा राग आला? देवाची वस्तू परक्यांपुढे मांडतो याचा? की हा माणूस पुन्हा फुशारक्या मारतोय आणि पुन्हा तोंडावर पडणार, याचा? दोन्ही असतील तर तसं लिहा, मी वाईट वाटून घेणार नाही. मंडळाने पत्रकं छापली आहेत. ब्रेंडा सगळ्या पिनरला सांगत सुटली आहे. आता त्यांना काय सांगू, वहिनींनी नाही म्हटलं?

नीनावहिनी असती तर म्हणाली असती, "कर रे, हसले लोक तर हसले." तिचं नाव तुमच्यापुढे काढायचं नाही, हा आपल्या घरातला न लिहिलेला कायदा मी एकोणचाळीस वर्षं पाळला. आज मोडला, कारण मला खरंच वाईट वाटलं आहे. दादाची पहिली बायको म्हणून नव्हे, या देशात मला पहिल्यांदा पोटभर जेवू घालणारं माणूस म्हणून ती आठवली. ती गेली त्याला यंदा चाळीस वर्षं होतील.

कारण कळवा, नाहीतर १८ तारखेला लेबल लागेल.

श्रीकांत


कार्डिफ,
६ मे २०२४

भाऊजी,

कारण तुम्हीच लिहिलंत. त्या टाकावरची बाई नीना आहे.

तुम्ही तेव्हा ग्लासगोला होतात, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. बायकांच्या गोष्टी बायकांतच राहतात. मी दुसरेपणावर दिलेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला देवघरात बसवून गळ्यात काळ्या दोऱ्यात तो टाक घातला. सवतीचा टाक. इतवारीतल्या सोनाराकडून मुद्दाम करून घेतला होता. म्हणाल्या, "मेलेली सवत दुखावलेली असते. काही नवं घेतलंस तर आधी हिला लाव, मग तू नेस. गोडधोड केलंस तर आधी हिला दाखव." मी तीस वर्षांची होते, बी. एड. झालेली होते, आणि मी मान हलवली.

इथे आल्यावर तुमच्या दादांनी दोरा काढून साखळी घातली. दुकानातून आणली, चांगल्या पेटीतून. लग्नानंतर त्यांनी मला आणलेला तो पहिला दागिना, आणि तोही तिच्यासाठी. भाऊजी, त्या फाशाचं वर्ष तुम्ही भिंगाखाली बघितलंत. मी ती साखळी रोज अंघोळीला काढून ठेवायची आणि रोज परत घालायची. स्वेटरच्या आत.

मार्च ८६. मला थंडी बाधते म्हणून ते कोट घेऊन आले. निळा, जाड, मोठ्या बटणांचा. मी आधी टाक बाहेर काढला, शिकवल्याप्रमाणे कोटाची बाही त्याला लावली. ते बघत उभे होते. म्हणाले, "नीनाला हा रंग आवडला नसता." त्यांच्या मनात काही नव्हतं. मुंबईला आज ऊन आहे, असं म्हणावं तसं म्हणाले. मी कोट घातला, खाली उतरले आणि चालत त्या पायऱ्यांपर्यंत गेले. पाणी पायऱ्यांना लागलं होतं. तुमचा चोर म्हणजे मी. नदीत सोडला नाही, फेकला. हिसकून, जोर लावून फेकला. त्या वेळी मला इतकं बरं वाटलं, की मी घरी येऊन साबुदाण्याची खीर केली आणि कुणाला न दाखवता आधी खाल्ली.

त्यांना सांगितलं, साखळी लाँड्रीत कुठेतरी तुटून पडली असावी. ते म्हणाले, "असू दे." त्यानंतर तीस वर्षांत त्यांनी एकदाही विषय काढला नाही. त्यांना कळलं नाही, एवढंच माझं समाधान होतं.

आता लावा लेबल. काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे.

मीनाक्षी


पिनर,
२८ जुलै २०२४

वहिनी,

उत्तराला पावणेतीन महिने लागले. आजारी नव्हतो, रागावलो होतो. उगाच काय लपवायचं? नीनावहिनीच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसलेला मी, आणि तुम्ही तिला चिखलात फेकलंत, तेही जोर लावून. कितीदा पत्र लिहायला बसलो आणि शिव्यांपलीकडे काही सुचेना, म्हणून उठलो. वरदा म्हणाली, "ती तीस वर्षांची होती रे, आणि एकटी." मी म्हटलं, नीनावहिनी पस्तिसाव्या वर्षी गेली.

लेबल प्रदर्शनाच्या सकाळी काढून घेतलं. सगळ्या मंडळापुढे सांगितलं, माझी चूक झाली, हा अठराव्या शतकातला नाही. लोक हसले. ब्रेंडाने बाजूला घेऊन विचारलं, "मग आहे तरी कुणाचा?" मी म्हटलं, आमच्या घरचा. तिने डबी माझ्या हातात ठेवली.

आता जे लिहायचं आहे ते कसं लिहावं कळत नाही. तुम्ही लिहिलंत, दादाला कळलं नाही. मी ते वाक्य वाचून पुढे गेलो होतो. परवा गॅरेज आवरताना दादाचे जुने गमबूट हाती आले आणि मी तिथेच बादलीवर बसलो.

वहिनी, दादा दर वर्षी मार्चमध्ये मला वॉपिंगला घेऊन जायचा. तुम्ही स्टॅनमोरला राहायला गेलात त्यानंतरही, पार दोन गाड्या बदलून. ओहोटीची वेळ पेपरात बघून ठेवायचा. मला सांगायचा, चिलमी शोधतोय. म्हणून मला वाटायचं, दादाला इतिहासाचं वेड आहे, आणि त्याच्यामागे मलाही ते लागलं. पण त्याने एकही चिलीम कधी घरी नेली नाही. एकदा मी सबंध, न फुटलेली चिलीम शोधून दिली, तर परत चिखलात ठेवली. म्हणाला, "हे नको." मग काय हवंय, विचारलं, तर म्हणाला, "चांदीचं काही दिसलं तर हाक मार." आणि तो तिथेच शोधायचा, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, दहा पावलांत. गुडघा गेला तेव्हा थांबला, २०१४ साली.

म्हणजे त्याला माहीत होतं. बहुतेक त्या दिवशी तो तुमच्यामागून आला असणार. नाहीतर दहा पावलं त्याला कशी कळणार?

मला काही सुधरत नाही. तो नीनावहिनीला शोधत होता, की तुम्ही फेकलेली वस्तू गुपचूप परत आणून तुमच्यावरचं ओझं उतरवणार होता? त्याला राग होता की दया? मी त्याच्या शेजारी अठ्ठावीस वर्षं चिखलात उभा होतो आणि मला एवढंही माहीत नाही. तुम्ही त्याची बायको. तुम्हीच सांगा.

टाक याच पाकिटात आहे. माझ्याकडे ठेवावा असं फार मनात आलं. पण नीनावहिनीला तिच्या माणसाच्या घरी पाठवायला हवं, आणि ते घर आता तुम्ही आहात.

श्रीकांत


कार्डिफ,
११ ऑगस्ट २०२४

भाऊजी,

पाकीट मिळालं. पत्र वाचलं, घडी घातली, सगळी भांडी घासली, मग परत वाचलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मार्चमधल्या त्या रविवारी ते चिखलाने माखून यायचे. त्यांची पँट रेडिएटरवर वाळत घालताना मी बडबडायची, आणि चहा देताना दर वर्षी विचारायची, "मिळालं का काही?" ते म्हणायचे, "आज नाही." मला वाटायचं, चिलमींबद्दल बोलताहेत. रागावलेला माणूस असं बोलतो का? दया करणारा तरी बोलतो का? एकदा विचारलं असतं, तर मी त्यांना हाताला धरून नेलं असतं आणि ती पायरी दाखवली असती. आता मीच रागावू की रडू, हे मला ठरवता येत नाही. आठवडाभर दोन्ही आलटून पालटून करते आहे.

टाक उलगडून पाहिला. मला तो सुंदर आठवत होता. मोठे डोळे, हसरी जिवणी. आणि आहे काय? दोन ठिपके आणि एक रेघ. सोनाराने तिला कधी पाहिलंच नव्हतं, अशा दहा बायका त्याने त्याच साच्यात ठोकल्या असतील. या दोन ठिपक्यांना मी घाबरले होते! मला हसूच फुटलं, आणि ते ऐकून देविका खोलीतून बाहेर आली. तिने टाक हातात घेतला.

"आई, हा बाई कोण आहे? गॉडेस आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या बाबांची बायको."

"व्हॉट? पण ते तर तू आहे ना?"

भाऊजी, छत्तीस वर्षांची मुलगी, आणि तिला माहीत नाही. तो न लिहिलेला कायदा तुम्ही एकट्याने नाही पाळला, सगळ्यांनी पाळला, कारण माझी मान ताठ होती. मी तिला बसवून सगळं सांगितलं. टाक, कोट, नदी. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "ती कशी होती?"

मी तोंड उघडलं आणि मला एक वाक्यही सांगता आलं नाही. तिचं माहेर कुठलं, एवढंसुद्धा नाही. मी कधी विचारलं नाही, कुणाला सांगू दिलं नाही. जिच्यावर एवढा राग केला, तिच्याबद्दल मला तिचं नाव सोडून काहीच ठाऊक नाही.

तुम्ही सहा वर्षं तिच्या हातचं जेवलात. तिच्याबद्दल लिहा. कशी हसायची, कशावर चिडायची, तुमच्या दादांना काय म्हणून हाक मारायची. हणमंतरावासाठी खपलात, त्याच्या निम्मं तरी तिच्यासाठी खपा. देविकाला मराठी वाचता येत नाही, तिला मी वाचून दाखवणार आहे. तेव्हा माझी भीड धरून चांगलं काही गाळू नका.

मीनाक्षी